न दुखणारा फोड

"बाकीच्यांना तोंड जन्मताना येतं, आमच्या हिला दर महिन्याला येतं." नवरा हे चारचौघांत सांगायचा आणि सगळे हसायचे. ती मात्र हसू शकायची नाही. हसलं की ओठ ताणला जायचा आणि आतला फोड जागा व्हायचा. ती नुसता हात झटकून "पुरे" अशी खूण करायची, आणि ती खूण बघून लोक आणखी हसायचे.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. नवं शिवणं तिथे नव्हतंच. लांब झालेली विजार आखूड करायची, आवळ झालेली कंबर सैल करायची, गेलेली चेन बदलायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि ही त्याच्या पायाशी गुडघे टेकून, ओठांत टाचण्यांची रांग धरून, एकेक काढून कापडाला लावत जायची. त्यावरून मालकाने तिचं नाव टाचणीबाई पाडलं. अंगानेही ती तशीच होती, सडपातळ आणि ताठ.

पहिला फोड आला तेव्हा ती शाळेत होती. खालच्या ओठाच्या आत, मसुराच्या दाण्याएवढा, मधे पिवळट पांढरा आणि भोवती लाल कड. आई म्हणाली, ओठ दाताखाली आला असेल. तो गेला, मग जिभेखाली दुसरा आला, मग गालात एकदम दोन. कोणी म्हणालं पोटात उष्णता आहे, कोणी म्हणालं जागरण होतंय. एका आत्याने तर पोरगी खोटं बोलते म्हणून येतं, असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. तेव्हापासून फोड आला की ती लपवू लागली. वर्गात उत्तर येत असायचं, पण ती मान खाली घालून बसायची. हळूहळू शाळेने तिला ढ ठरवलं आणि तिनेही ते मान्य केलं.

लग्न होऊन ती सासरी आली आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंनी तिचा कप वेगळा केला. "घरभर पसरायला नको," एवढंच म्हणाल्या. कान तुटलेला तो कप मोरीच्या कट्ट्यावर उलटा पडलेला असायचा. एक दिवस नवरा बाजारातून आला, त्याने तो कप पाहिला, काय ते विचारलं, आणि त्यात हिचा अर्धा राहिलेला चहा होता तो आईसमोर उभ्याउभ्या पिऊन टाकला. मग कप विसळून बाकीच्या कपांत ठेवला. "आता मलाही होऊ दे," तो आईला म्हणाला. "दोघं गप्प बसू. तुला घर शांत मिळेल." त्याला काहीच झालं नाही. असले फोड एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. पण हे तेव्हा त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. आपल्याला होईल असं समजूनच तो प्यायला होता. 

तो फळबाजारात लिलाव पुकारायचा. पेट्यांच्या थप्पीवर उभा राहून एका दमात मालाचा गुण, वजन आणि बोली असं सगळं सांगायचा, आणि समोरच्या गर्दीतली एखादी भुवई हलली तरी त्याच्या नजरेतून सुटायची नाही. बाजारात त्याला भोंगा म्हणत. घरी येऊनही त्याचा आवाज उतरायला वेळ लागायचा. मीठ मागितलं तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. ती कमी बोलणारी, तो दोघांच्या वाटचं बोलणारा. तिचं तोंड आलेलं असलं की तो तिच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचा, भात मऊ शिजवायचा, तिखटाचा डबा फळीवर मागे सरकवायचा, आणि तिच्या वतीने दुकानाच्या मालकाला फोन करून सांगायचा, "आज टाचण्या तोंडात नकोत, हातातल्या गादीला टोचू द्या तिला. तोंडाला सुट्टी आहे."

एवढ्या वर्षांच्या दुखण्याने तिला एक गोष्ट दिली होती. तोंडातल्या फोडाबद्दल तिला सगळं माहीत आहे, अशी तिची आणि सगळ्या इमारतीची खात्री होती. न्हाणीघरातल्या फळीवर तिचा दवाखाना होता: ग्लिसरीन, तुरटीचा खडा, जांभळं औषध, मिठाची बरणी, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. शेजारणी मुलांना घेऊन यायच्या. ती मुलाला खिडकीपाशी उभं करायची, ओठ उलटा करून बघायची आणि निकाल द्यायची. "आत्ता चढतोय. दोन-तीन दिवस रडवेल, मग उतरेल. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला लावा, कुरकुरीत काही देऊ नका." तसंच व्हायचं. फोड उतरायचा, शेजारीण येऊन सांगून जायची. शाळेत ढ ठरलेल्या बाईला या एका विषयात कोणी खोडून काढत नव्हतं, आणि ते तिला फार आवडायचं.

मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. सासूबाई गेल्या. घरात दोघंच उरली. 

त्या वर्षी बाजारात संत्र्यांचा हंगाम होता. एका संध्याकाळी तो आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा असलेला तिला दिसला. तिला बघून त्याने जीभ आत घेतली आणि हसला.

"काय झालं?"

"काही नाही गं. तुझा पाहुणा माझ्याकडे आलाय वाटतं."

तिने त्याला खिडकीपाशी नेलं. उजव्या कडेला, मागच्या बाजूला, जिथे त्याची एक दाढ कधीची तुटलेली होती तिथेच, जिभेला एक पांढुरकी चीर होती. लहानशीच.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"झोंबतंय? तिखट खाल्लं की?"

"नाही ना. म्हणून तर आरशात बघत होतो. जिभेला नुसतं काहीतरी लागतं."

"मग एवढं काय दाखवताय," ती म्हणाली. "ती दाढ घासतेय. मिठाच्या चुळा भरा. सिगारेट कमी करा."

तिला खरं तर त्याचा थोडा हेवाच वाटला. आयुष्यभर ज्याने तिला जेवू दिलं नाही, बोलू दिलं नाही, तेच याच्या वाट्याला आलं आणि तेही बिनदुखीचं. 

त्याने चुळा भरल्या. सिगारेट कमी केली, म्हणजे तिच्यासमोर कमी केली. तिने जांभळं औषध लावून दिलं, मग ग्लिसरीन. चीर मिटली नाही. ती जरा रुंद झाली आणि तिची कड बोटाला टणक लागू लागली. हे तिला वेगळं वाटलं. तिचे फोड कधी टणक लागायचे नाहीत. पण दुखतंय का विचारलं की तो नाही म्हणायचा, आणि दुखत नाही म्हटल्यावर तिच्या हिशेबी ते उतरणीलाच लागलेलं होतं. तिच्याकडे मोजायचं माप एकच होतं.

एकदा नणंद आली होती. जेवताना तिने भावाला एका बाजूने चावताना पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, याला एकदा डॉक्टरला दाखव ना."

"तोंडातलं मला कळतं," ती म्हणाली. जरा जास्तच तोऱ्यात म्हणाली. नणंदेने भावाकडे पाहिलं. तो पाण्याचा पेला उचलून पीत राहिला.

मग तिचीच तब्येत बिघडली. एका वेळी तोंडभर फोड आले, गालांत, ओठांत, घशाच्या कमानीवरसुद्धा. थुंकी गिळणं जड झालं. दुकानाचा जिना चढताना तिला मधेच बसावं लागायचं. मुलगी सुट्टीवर आली होती. तिने आईला त्या पायऱ्यांवर धापा टाकताना पाहिलं आणि तिथूनच हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"फोडासाठी कोणी डॉक्टरकडे जातं का?" ती पुटपुटली.

"तू गप्प बस," मुलगी म्हणाली. "तसंही तुला बोलवत नाहीये."

डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तोंड पाहिलं, मग म्हणाल्या, "नखं दाखवा." नखं पांढरट, चपटी झाली होती. "जिना चढताना दम लागतो?"

"वय झालं."

"रक्त कमी झालं असेल. लोह आणि एक जीवनसत्त्व तपासून घेऊ. बऱ्याच जणींना असे फोड वरचेवर येतात त्यामागे हे असतं. प्रत्येक वेळी असतंच असं नाही, पण तुमच्याकडे बघून वाटतंय." त्यांनी टाचण्यांबद्दल ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ज्याला फोड येतात त्याला साधा ओरखडा पुरतो. टाचण्या तोंडात धरणं बंद. दात घासायचा ब्रश मऊ घ्या. खूप फेस होणारी पेस्ट असेल तर ती बदला. आणि ती तुरटी फेकून द्या, भाजलेल्यावर आणखी कशाला भाजून घेता?" मग एक मलम दिलं. पहिली चुरचुर सुरू झाली की जागा कोरडी करून नुसतं टेकवायचं, चोळायचं नाही.

ती ऐकत होती आणि मनात कुठेतरी दुखावली जात होती. इतकी वर्षं जे नशिबाचं म्हणून सोसलं ते एवढं साधं असावं.

"घरात आणखी कोणाला येतात असे?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. "आईकडून, बाबांकडून बरेचदा येतं हे."

"मला येतात," मुलगी म्हणाली. "परीक्षा असल्या की हमखास यायचे."

"ह्यांनाही आलाय एक," ती म्हणाली. तोंड उघडायला त्रास होत होता, तरी तिने सांगितलं, कारण आता तिला स्वतःचं काहीतरी सांगायचं होतं. "पण ह्यांचं बरं आहे. दुखत नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "केव्हापासून आहे?"

ती आठवू लागली. तेव्हा बाजारात संत्री होती. संत्री संपली. आता कलिंगडांचे ट्रक येत होते.

"मागच्या हंगामापासून," ती म्हणाली.

"जिभेच्या कडेला?"

"हो."

"हाताला टणक लागतं?"

तिने मान डोलावली.

"सिगारेट ओढतात?"

"हो."

"तुमच्यासारखे फोड दुखतात आणि दहा-पंधरा दिवसांत आपले आपण जातात. जो तीन आठवड्यांत जात नाही तो बघावाच लागतो, दुखो की न दुखो. आत्ता कुठे आहेत ते?"

"बाजारात."

"घेऊन या. आज."

एवढ्या वर्षांत ती बाजारात लिलावाच्या वेळी कधी गेली नव्हती. मुलगी बाहेर रिक्षात थांबली आणि ती एकटीच आत गेली. छपराखाली कलिंगडांचे ढीग होते, हमाल ओरडत वाट काढत होते, पायाखाली फुटलेल्या फळांचा चिखल होता. तो थप्पीवर उभा होता. एक हात वर, नजर गर्दीवर, आणि तोंडातून आकडे असे पडत होते की एकाला दुसरा चिकटलेला. ती खांबापाशी उभी राहिली. तिला तो फार सुंदर वाटला. इतक्या दुरूनही तिला दिसलं की जीभ उजवीकडे गेली की तो किंचित चाचरतो, आणि आपण हे घरी कसं ऐकलं नाही, असं तिच्या मनात आलं.

त्याने तिला पाहिलं. बोली अर्ध्यावर होती. त्याने ती पुरी केली, शेवटच्या बोलीला माल देऊन टाकला, आणि खाली उतरून गर्दीतून सरळ तिच्याकडे आला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. चला."

"अगं, ढीग बाकी आहे अजून."

"राहू दे. जीभ दाखवायची आहे."

तो गमतीचं काही म्हणाला नाही, कशाला म्हणून विचारलं नाही. शेजारच्या पुकाऱ्याला हाताने खूण केली, नळावर हात धुतले आणि तिच्यामागून चालू लागला. रिक्षात बसल्यावर तिला त्याचं गप्प राहणं उमजेना.

पुढचं सगळं भराभर झालं. जिभेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. मोठ्या रुग्णालयात सर्जननी दोघांना समोर बसवून सांगितलं की कर्करोग आहे, मानेतली एक गाठही त्यातलीच आहे. जिभेचा उजवीकडचा भाग काढावा लागेल. तिथे मनगटाजवळचं कातडं लावता येतं. मानही उघडावी लागेल. मग किरणं.

"म्हणजे ठिगळ," ती म्हणाली.

"हो, तसंच," सर्जन म्हणाले.

"कापड जुळेल?"

सर्जननी तिच्याकडे नीट पाहिलं. "जुळतं. पण मूळचं ते मूळचं."

परतताना त्याला घेऊन पुढे जा असं मुलीला सांगून ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली. खुर्चीवर बसली नाही. "संत्री होती तेव्हाच आणलं असतं तर?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "फरक पडला असता. किती, ते मला सांगता येणार नाही."

तिला वाटलं होतं त्या काहीतरी मऊ बोलतील. त्या खरं बोलल्या याचा तिला राग आला, आणि नंतर कधीतरी तो गेला.

शस्त्रक्रिया झाली. तो शुद्धीवर आला तेव्हा मान पट्ट्यांनी बांधलेली होती, नाकात नळी होती आणि मनगटावर कातड्याचा चौकोन गेलेला होता. पट्टी बदलताना तिने तो पाहिला. कापलेली कड सरळ होती. हात चांगला आहे सर्जनचा, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

घरी आल्यावर किरणांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला काही वाटलं नाही. मग त्याचं सगळं तोंड सोलवटलं. गाल, हिरड्या, टाळू, राहिलेली जीभ, सगळीकडे फोड, एकमेकांत मिसळलेले. तिला जे एका वेळी डाळीच्या दाण्याएवढं यायचं ते त्याला अंगण भरल्यासारखं आलं. पाणी तोंडात घेतलं की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भोंगा म्हणवला जाणारा तो माणूस पलंगाच्या कडेला बसून, चमचाभर पेजेकडे बघत बसायचा.

आता मात्र तिला काय करायचं ते ठाऊक होतं. नर्सने सांगितलेलं मीठ आणि खायच्या सोड्याचं कोमट पाणी ती दिवसभर तयार ठेवायची. जेवणाआधी बधिर करणारं औषध तोंडात धरायला लावायची आणि त्याचा असर आहे तेवढ्यातच घास भरवायची. सगळं गार, पातळ, गाळलेलं. त्याला खुणा करायला तीच शिकवत होती: भुवई उचलली की हो, बोट हलवलं की गरम आहे, डोळे मिटले की पुरे. त्या तिच्याच जुन्या खुणा होत्या. 

आणि याच दिवसांत तिचं तोंड बरं झालं. लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं चालू होती. अंगात ताकद येत होती, जिना एका दमात चढता येत होता, आणि महिने गेले तरी एक फोड आला नाही. तिला त्याची लाज वाटू लागली. त्याच्यासमोर ती काही चावून खात नसे. स्वयंपाकघरात पाठ करून पटकन गिळून घ्यायची.

एका दुपारी चुळा भरून झाल्यावर तिने वाटी खाली ठेवली आणि तशीच बसून राहिली.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "मी म्हणाले, दुखत नाही म्हणजे काही नाही. ताई सांगत होत्या, त्यांनाही मी उडवून लावलं. मला एवढं सगळं कळतं ना."

त्याने बोट हलवलं. मग बोलायला लागला. शब्द ओले आणि गोळा होऊन यायचे, बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. पण अर्धं आयुष्य बंद तोंडाने बोललेल्या तिला ते कळत होतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाजारातला तो म्हातारा तोलार, वजनकाट्यावरचा. त्याचं असंच सुरू झालं होतं. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली." तो थांबला, लाळ पुसली. "डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने सांगितलं असतं. म्हणून तुला दाखवलं. तू काही नाही म्हणणार, हे ठाऊक होतं. तेच ऐकायचं होतं मला."

तिला वाटलं होतं यावर आपल्याला मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. नवऱ्याने आपल्या शहाणपणाचा पडदा करून त्यामागे लपावं, आणि आपण तो पडदा मोठ्या मानाने धरून उभं राहावं, हे तिला नव्याने लागलं. रागाने ती उठली, वाटी घासायला गेली, पुष्कळ वेळ घासत बसली. मग परत येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याने तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला. तो विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

फोड उतरले. तोंड कोरडं पडलं, चव गेली, पण तो हिंडूफिरू लागला आणि एक दिवस बाजारात निघाला. तिने अडवलं नाही, बरोबर गेली. बाजारात लोक उठून उभे राहिले, कोणी पाठ थोपटली. जुना अडत्या म्हणाला, "या, एक ढीग तुमच्या तोंडून होऊ दे." तो थप्पीवर चढला. हात वर केला. गर्दी इतकी शांत झाली की छपरावरची कबुतरं ऐकू येत होती.

त्याने आकडा पुकारला. कोणालाच कळला नाही. साठ म्हणाला की सात, समोरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका खरेदीदाराने अंदाजाने हात वर केला, दुसऱ्याने केला, आणि सगळ्यांनी मिळून तो लिलाव समजून घेतल्याचं सोंग केलं. माल सुटला. कोणत्या भावाने सुटला ते नंतर अडत्याने ठरवलं असेल. त्याला ते सगळं दिसत होतं. गर्दीतली भुवई वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. तो खाली उतरला, सगळ्यांना हात जोडले आणि तिला म्हणाला, "चल." रस्त्यात त्याने मागे वळून पाहिलं नाही. नंतर अडत्याने त्याला फाटकावर गाड्या मोजायला बस म्हणून निरोप पाठवला. तो थोडे दिवस बसलाही.

थंडी सरता सरता मानेत पुन्हा गाठ लागली. ती यावेळी त्यानेच आधी दाखवली, त्याच दिवशी, आणि ती त्याच दिवशी त्याला घेऊन गेली. सर्जननी सांगितलं की आता कापण्यात अर्थ नाही. दुखणं कमी ठेवू. आता ते दुखत होतं. खूप दुखत होतं. मुलगी रजा टाकून आली, नणंद आली. नणंद स्वयंपाकघरात शिरली तेव्हा टाचणीबाईने तिच्यापुढे मान खाली घातली. नणंदेने तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, "तू जा त्याच्यापाशी. मी बघते इथलं." तेवढंच. पावसाळ्याआधी एका सकाळी, मुलगी त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत असताना तो गेला.

ती पुन्हा कामावर जाऊ लागली. मालकाने मनगटावर बांधायची नवी गादी आणून ठेवली होती. शेजारणी पूर्वीसारख्या मुलांना घेऊन दाराशी यायच्या. ती दार उघडायची, पण कोणाला खिडकीपाशी नेत नसे. "मला नका दाखवू," म्हणायची. "लहान आहे, दुखतंय, तर मिठाच्या चुळा द्या. तीन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरला दाखवा. माझ्याकडे आणू नका." काहींना ते तुसडेपणाचं वाटलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गालात पांढरा डाग घेऊन कितीतरी दिवस हिंडत होते. ती त्यांच्या बायकोला रस्त्यात गाठून इतकं टोचून बोलली की त्या बाईने पुन्हा बोलणंच टाकलं. पण नवऱ्याला दाखवून आणलं. त्यांचं काही निघालं नाही. त्या बाईचा अबोला काही सुटला नाही.

मुलीचा कधीतरी फोन येतो, तोंड आलंय म्हणून. ती विचारते, "दुखतंय?" मुलगी म्हणते, "खूप." मग ती जरा श्वास सोडते आणि मलम कसं टेकवायचं ते पुन्हा सांगते.

वर्षातून दोनदा ती स्वतः डॉक्टरीणबाईंकडे जाते. खुर्चीत मान मागे टाकून तोंड उघडते. डॉक्टरीणबाई दिवा ओढून गाल बघतात, जीभ कापडात धरून दोन्ही कडा बघतात, बोटाने चाचपतात. "काही नाही," म्हणतात. ती उठते, पदर सारखा करते आणि जिन्याच्या वळणावर जरा वेळ थांबते. मग दुकानात जाते. तिथे विजारी आखूड करायच्या पडलेल्या असतात.